हजेरीपटावर नसलेली फेरी

बापू थोरात गेल्याचं त्यांच्या मेव्हण्याने मला माल गुदामाच्या दारात उभं राहूनच सांगितलं. "दाजी गेलं, भाऊसाहेब. पहाटंच. काविळीनं खाल्लं." कुणी गेलं की मी आधी कागद काढतो. कुणाला कळवायचं, लाकडं कुठून आणायची, कोण कुठल्या गाडीने येणार, सगळं लिहून घेतलं की हात कामाला लागतात आणि मन गप्प राहतं. त्या सकाळीही कागद काढला, वर 'कळवायचे' असं लिहिलं आणि तसाच बसून राहिलो... ज्यांना कळवायचं, त्यातल्या निम्म्या माणसांनी मे महिन्यापासून बापूंशी बोलणं टाकलं होतं. आणि त्याला मी जबाबदार होतो.

बापू आमच्या स्टेशनचे चावीवाले. मूळचे श्रीगोंद्याकडचे, पण उभा जन्म श्रीरामपूरच्या अलीकडच्या या लाइनीवर गेला. रोज उजाडता खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना आणि काखेत लाल झेंडी घेऊन निघायचे. ठरलेल्या मैलापर्यंत रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक लोखंडी चावी ठोकून बघायची, सांध्यावरचे बोल्ट आवळायचे आणि दुसऱ्या बाजूने तसंच परत यायचं. युनियनच्या सभेत ते कायम मागे, भिंतीला टेकून बसत. भाषण लांबलं की शेजारच्याला म्हणत, "पुढारी गाडीतनं येत्यात, आमी गाडीखालनं. भेट व्हायची कशी?" पण संपाचा ठराव आला तेव्हा पहिला हात त्यांचा होता. हे मी माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातला तो देशभरचा संप वाचकांना आठवत असेल तो रेडिओवरच्या बातम्यांतून. आम्हाला तो आठवतो जीपच्या आवाजातून. संप सुरू होण्याआधीच मोठे पुढारी धरले गेले होते. पोलीस चाळीत यायचे, सापडेल त्याला कामावर न्यायचे, नाही म्हटलं तर क्वार्टरमधलं सामान रस्त्यावर. पुरुष माणसं उसात जाऊन राहिली. मी शाखेचा चिटणीस. माझ्याकडे तीन याद्या: संपावर बाहेर असलेले, तुरुंगात गेलेले, कामावर परत गेलेले. बायकोने त्या बाजरीच्या डब्यात तळाशी पुरल्या होत्या, आणि जीप वाजली की मी कुठेही असलो तरी मला तो डबा दिसायचा. मी धीट माणूस नाही. 

आठवडा उलटला असेल. सांधे बदलणारा पॉइंट्समन पंढरी आम्ही लपलो होतो त्या उसातल्या वस्तीवर धापा टाकत आला आणि म्हणाला, "बापू फुटला! लाइनीवर हाय, हातोडा घिऊन. मी डोळ्यानं बघितला." माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी उजाडता मी एकटाच उसातून वाकत लाइनीकडे गेलो. बापू रुळाखालच्या मोरीत उकिडवे बसले होते. मला बघून आधी दचकले, मग हसले. 

"बापू, हे काय चाललंय तुमचं?"

"कामावर न्हाई मी, भाऊसाहेब. हजेरीपटावर अंगठा न्हाई, पगार न्हाई. संप माझा बी हाय."

"मग हातोडा कशाला?"

"गाड्या बंद हायत का? कुनाला बी धरून चालवत्यात. लाइन बघायला कुनी न्हाई. काल त्या वळनावर दोन चाव्या निगून पडल्या हुत्या. उन्हानं रूळ फुगतोय. संप आपला हाय, पर गाडीत बसल्याली मानसं संपावर न्हाईत ना."

मी म्हणालो, गाडी नीट गेली की लगेच रेडिओ सांगतो, संप मोडला. त्यावर ते म्हणाले, "आन् गाडी पडली म्हंजी?"  लांबून रुळावरून येणाऱ्या पोलिसांच्या ट्रॉलीचा आवाज आला तसे आम्ही दोघं मोरीच्या भिंतीला चिकटून बसलो. बापू डोळे मिटून पुटपुटत होते, "पोलिसानं बघितलं तर पोलीस मारतोय, आपल्यानं बघितलं तर आपला मारतोय. लई भ्या वाटतं वो." ट्रॉली गेली. ते उठले आणि पुढची चावी ठोकायला निघाले.

दोन दिवसांनी, भर दुपारी, त्याच वस्तीवरच्या गोठ्यात बैठक झाली. मुंबईहून लपतछपत आलेले एक पुढारी होते. त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. पाय सुजलेले, डोळे तांबारलेले, कित्येक दिवस त्यांनी पाठ टेकली नव्हती. त्यांनी मला परत गेलेल्यांची यादी वाचायला सांगितली. वाचून झाली तसा पंढरी म्हणाला, "बापूचं नाव ऱ्हायलं की, भाऊसाहेब." सगळे माझ्याकडे बघू लागले. पुढाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे?"

मला सगळं माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग विचारलं असतं, तुम्ही लाइनीवर कशाला गेला होता? आदल्याच दिवशी एकाला पोलिसांचा माणूस म्हणून बैठकीतून उठवलं होतं.  मी म्हणालो, "नाही." आणि नाव लिहिलं.

ती यादी चाळीच्या भिंतीवर लागली. हौसाबाई, बापूंची बायको, नळावर गेली तर बायकांनी तिची घागर उचलून बाजूला ठेवली. संप मागे घेतला गेला. मला कामावर परत घेतलं, नोकरीची सलगता तोडून का होईना. काही जणांना मात्र काढलंच, त्यांत बापू; हजेरीपटावर ते संपाचे वीसही दिवस गैरहजर. काढलेल्यांना परत घ्यावं म्हणून युनियनने अर्ज केला, त्यात बापूंचं नाव नव्हतं, कारण आमच्या हिशेबी ते कामावर गेलेले. साहेबांकडे संपकरी, आमच्याकडे फितूर. मी त्यांना श्रीरामपूरच्या बाजारात गाठलं, तेव्हा ते पोती उचलत होते. मला बघून म्हणाले, "दोन्हीकडनं आऊट झाल्याला खेळाडू बघितला व्हता का कधी?" मी म्हणालो, नाव दुरुस्त करून घेतो, मुंबईचे ते पुढारीही आता धरलेत, ते तुरुंगातून सुटले की त्यांचं पत्र आणतो. "आना की. सवडीनं आना," म्हणाले. मला सवड मिळाली नाही. खरं तर धीर झाला नाही... आणि मग पावसाळ्यात कावीळ.

तेराव्यानंतर मी हौसाबाईकडे गेलो. क्वार्टर गेल्यापासून ती लाइनीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहते. काय बोलायचं ते मी कागदावर मुद्दे काढून नेलं होतं. पहिलं वाक्य निम्मं झालं आणि तिने एकदम हात वर करून मला थांबवलं. पॅसेंजर येत होती. भांडी हलायला लागली. ती मान तिरकी करून, श्वास धरून, एकेक डबा ऐकत राहिली, आणि शेवटचा गेल्यावर हात खाली घेतला. "नीट गेली," म्हणाली. "ते घास हातात धरून असंच ऐकायचे. आता मला बी सुटंना. हां, काय म्हनत व्हता?"

मी कागद न बघता सांगितलं. मला माहीत होतं, मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो. तिने चूल सारखी केली. मग म्हणाली, "त्यास्नी ठाव व्हतं. मला बी ठाव हाय. मला सांगून काय हुतंय, भाऊसाहेब? नळावरच्या बायास्नी सांगा."

म्हणून हे लिहिलं आहे. हे छापून आल्यावर दोन्हीकडचे लोक मला काय करतील याची भीती आहेच. बापू थोरात संपात शेवटच्या दिवसापर्यंत होते. त्यांचं नाव मी चुकीच्या यादीत, माहीत असून, लिहिलं. आमच्या चाळीत वर्तमानपत्राची ही पुरवणी दोन-तीन घरांतच येते. ज्यांच्याकडे येते त्यांनी ती सकाळी पाण्याच्या वेळी नळावर मोठ्याने वाचून दाखवावी.