मालकाकडे जेवणारी कॅमेरेवाली

दिंडोरीजवळच्या बागेत द्राक्षाचे घड औषधात बुडवताना आमच्या हातांची सालं निघायची. एकदा शहरातून एक बाई एकटीच कॅमेरा घेऊन आली. आधी विचारून मगच आमचे हात टिपायची, पण दुपारी मालकाच्या बंगल्यावर जेवायची. आम्ही तिच्यासमोर बोलणंच बंद केलं.

शेवटी मी विचारलं, "ताई, तुमी नेमक्या कोनाच्या बाजूच्या?"

"फिल्म बघून तुम्हीच ठरवा. तोवर संशय राहू द्या," ती म्हणाली.

पुढच्या हंगामात तिनं गावच्या शाळेत टीव्हीवर ती फिल्म दाखवली. तीत मालक जेवता जेवता हसून सांगत होता, "या बायकांना काही होत नाही. कातडी जाड असते त्यांची."

तिच्यावरचा संशय पुरता गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी आमच्यातली एकही बागेत गेली नाही.