शालीआडचा शब्द

माझी भावजय केझाया मुलखाची भित्री. विजेला भ्यायची, बैलाला भ्यायची, चर्चमधल्या नव्या पाद्र्यालाही भ्यायची. मी तिला येताजाता चिडवायचे. पण त्या वसंतात तिची भीती माझ्याही पोटात शिरली.

माझा धाकटा भाऊ सेथ आमच्या रॉडनशॉ गावाचा गोलकीपर. लीगचा दुसरा गट नुकताच सुरू झाला होता आणि आम्ही त्यात तळाशी लोळत होतो. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी निभावलं असतं. हरलो की 'आम्हाला लीगमध्ये राहू द्या' म्हणत लीगवाल्यांच्या दारात मतांची भीक, आणि आमच्यासारख्या गिरणीगावाला मत देतंय कोण?

त्यात महिन्यापूर्वी सेथची बरगडी मोडलेली. त्या काळी गोलकीपरच्या हातात चेंडू असला की त्याला खांद्यानं उडवायची मुभा होती. डॉक्टरनं बजावलं होतं, "आणखी एक धक्का, की हाड फुप्फुसात." केझायाला झोप नाही, जेवण नाही.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना त्याला," ती म्हणायची.

"माझं ऐकतोय मेला! अख्खा गाव त्याच्या मानेवर बसलाय."

सगळ्यात जड बसली होती ॲग्नेस ऑर्मरॉड. गिरणीत आमच्या शेजारच्या मागांवर काम करायची, नवरा क्लबचा सेक्रेटरी. "पडला तरी चेंडू छातीशी धरूनच पडायचं म्हणावं," असं ती आम्हाला रोज सुनावायची, तेही न बोलता. मागांच्या खडखडाटात आवाज कुठला ऐकू यायला? आम्ही विणकर, सेथसुद्धा, नुसते ओठ हलवतो आणि ओठच वाचतो. तिचा नवरा कचेरीतला माणूस, त्याला ह्यातलं अक्षरही कळायचं नाही.

शनिवारी गिरणी सुटली ती थेट मैदानावर. आम्ही गोलच्या बाजूला दोरीला चिकटून उभ्या, ॲग्नेस आमच्या मागे. केझायानं शाल नाकापर्यंत ओढली आणि टोक दातांत धरलं. माझा दंड तिनं असा आवळला की वळ उठले.

एक-एक बरोबरी. संपत आला होता सामना. त्यांचा बार्नी नावाचा दांडगा खाणकामगार सबंध दुपार सेथच्या वाटेवर होता. चेंडू उंच आला, सेथनं झेलला आणि आमच्या बाजूला वळला. बार्नी खाली मान घालून सुटलाच होता. देवा रे! शालीच्या आतून केझाया किंचाळली, "सोड!"

सेथनं आमच्याकडे पाहिलं आणि हात उघडले. चेंडू खाली पडला, बार्नी शिव्या घालत जागीच थबकला, आणि मागून येणाऱ्या त्यांच्याच एका पोरानं चेंडू जाळ्यात ढकलला.

हरलो आम्ही.

घरी आल्यावर सेथ बूट काढायला आत गेला, तशी केझाया शालही न काढता माझ्या कानाशी लागली. "समोर सगळे विणकर होते, ताई. माझे ओठ वाचले असतील सगळ्यांनी. गाव बुडवलं मी."

एवढ्यात बाहेर लाकडी बुटांचा खडखडाट झाला. ॲग्नेस! केझाया माझ्या पाठीमागे लपली. ॲग्नेस आत आली, झाकलेला रश्श्याचा वाडगा टेबलावर ठेवला आणि घुटमळत उभी राहिली.

केझायाला राहवलं नाही. "सेथला काही बोलू नका हो. 'सोड' म्हणाले ती मी."

"तू?" आतून बाहेर येत सेथ बरगडी धरून हसला. "तुझं तोंड शालीत होतं की! काय वाचणार, कप्पाळ?"

"मग कुणाचं वाचलंस?"

सेथनं ॲग्नेसकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली. मग दाराकडे एकदा पाहून तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले:

"आमच्या ह्यांना सांगू नका गं."