ताईने घेतलेली लाळ

माझी ताई इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांची लाळ गोळा करते. बावीस वर्षं झाली. पेशंटने पंधरा मिनिटं मान खाली घालून बसायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही, आपोआप जमेल तेवढी लाळ नळीत सोडायची. एक बाई नियम मोडून ऐन वेळी दात घासून आली, तर ताईने तिला आल्या पावली परत पाठवलं. "लाळेतली प्रथिनं जंतूंशी लढतात. तीच नीट मोजली नाहीत तर रोग कळणार कसा?" हे तिचं पालुपद ऐकून माझे कान किटले होते.

आणि मग माझंच तोंड कोरडं पडायला लागलं. दोन वर्षांत चार दात गेले, पाण्याशिवाय घास उतरेना. जो तो डॉक्टर म्हणे, टेन्शन घेऊ नका. डोंबलाचं टेन्शन. शेवटी एका डॉक्टरीणबाईंना संशय आला, की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लाळेच्या ग्रंथींवर उलटली असावी. पंधरा मिनिटांत दीड मिलीच्या आत लाळ भरली तरच पुढच्या तपासण्या आणि औषध.

ताईच्याच लॅबमध्ये नळी घेऊन बसले. दहा मिनिटं झाली तरी तिचं बूड धड ओलं होईना. मला रडू यायला लागलं. ताईला ते बघवेना. तिने डब्यातलं लिंबू काढलं आणि माझ्या नाकासमोर कापलं. तोंडाला पाणी सुटलं, लाळ दीडच्या रेघेच्याही वर गेली, दोघींनाही हायसं वाटलं. अशा आम्ही शहाण्या.

रिपोर्ट नॉर्मल. लिंबाने सुटलेली लाळ जास्त भरते, पातळ असते, तिच्यातली प्रथिनंही बदलतात, हे ताई झोपेतही सांगेल. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली.

"परक्या बाईला परत पाठवतेस, आणि माझ्या वेळी अक्कल कुठे गेली होती तुझी?" मी घरी येऊन तिच्यावर नुसती आग पाखडली.

"तू रडत होतीस गं," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ताईने लॅबच्या साहेबांसमोर सगळं सांगितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, नमुना बाद, चूक माझी. तिला नमुने घेण्यावरून काढलं आणि रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर बसवलं. माझा नमुना नव्या मुलीने पुन्हा घेतला.

तो रिपोर्ट ताईच्याच हातून मिळाला.

"अर्धा मिली. कमी भरली गं," म्हणत ती आनंदाने हसली. मग मला खरंच आजार आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने खिडकी लावून घेतली.