पाणी न घातलेलं औषध

माझ्या सुनेचा उजवा अंगठा पावशीवर कापला. पावशी म्हणजे पायाखाली दाबून भाजी चिरायची विळी. तिच्या माहेरी, गोंदियात, चाकू वापरतात. आमच्या घरातही चाकू होता, पण मी तो तिला घेऊ देत नसे. कोहळं टणक होतं, आणि पातं मी त्याच सकाळी दगडावर घासलं होतं. तिला सांगायचं राहिलं. ते मुद्दाम नव्हतं. पुढचं मुद्दाम होतं, म्हणून लिहिते आहे.

जखम टाके घालण्याइतकी नव्हती. मी तिचा हात नळाखाली धरला, रक्त थांबेपर्यंत फडक्याने दाबला, मग जखम धुवायच्या औषधाची बाटली काढली. पाण्यात मिसळून वापरा, असं वर लिहिलं होतं. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. वाटीभर पाण्यात थोडं टाकलं, त्याने जखम धुतली, टिपून घेतली, स्वच्छ पट्टी बांधली. काही चुकलं नाही.

"शुक्रवारी पेपर आहे, मम्मी," ती म्हणाली. लग्नानंतर ती बी.ए. करत होती. शेवटचं वर्ष होतं.

"आज तं इतवार आहे. तवापर्यंत तू लिहायलेच काय, नाचायलेही लागशीन."

ती हसली. संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढत होते, तर ती खोलीत माहेरी आईशी फोनवर बोलताना ऐकू आली. "नहीं मम्मी, चाकू यहां नहीं चलता. सासूबाई का राज है ना!" आणि परत हसली. सकाळचंच हसणं होतं, पण मला ते पायात काटा घुसावा तसं लागलं.

सोमवारी सकाळी पट्टी बदलायला ती माझ्यापुढे बसली. मी वाटी घेतली नाही. बाटलीचं झाकण उघडलं आणि औषध तसंच जखमेवर ओतलं.

तिने हात मागे ओढला. "आई गं! मम्मी, बहुत जलन होऊन राहिली!"

"झोंबू दे. झोंबते म्हणजे लागू पडते."

"काल एवढं नव्हतं."

"काल जखम ताजी होती. समजलं नसन तुले."

खोटं होतं ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मंगळवारी माझा राग उतरला होता. तरी मी तसंच ओतलं. पाणी घातलं असतं तर झोंबलं नसतं, आणि काल काय केलं ते तिला कळलं असतं. बुधवारीही तेच. तेव्हा अंगठ्याची चामडी पांढरी पडून सोलत होती, आणि मिटायला आलेली जखम पुन्हा लाल, ओली झाली होती. तिला पेन धरता येत नव्हता. ती वही मांडीवर घेऊन नुसतं वाचत होती.

मुलगा म्हणाला, "माय, सिस्टरला दाखवून आण हिला. दोन दिवसांवर पेपर आला."

उपकेंद्रातल्या नर्सने पट्टी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कापलेलं नाही, जाळलेलं आहे. रोज कोण औषध ओतून राहिलं?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "मीच, सिस्टर. लवकर बरं व्हावं म्हणून."

"आणि पाणी?"

"नाही घातलं."

म्हणजे तिला माहीत होतं. मी भिंतीकडे पाहत राहिले.

"शिकलेली आहेस ना?" नर्स तिला बोलली. "एकदा धुतलं, झालं. मग साधं पाणी नि साबण, कोरडी पट्टी, ओली झाली की बदलायची. नवी चामडी येते तिलेच मारून टाकलंस."

सगळी बोलणी तिने खाल्ली. येताना वाटेत मी विचारलं, "काऊन म्हटलंस तसं?"

"तुम्हाला बोलल्या असत्या त्या," ती म्हणाली.

शुक्रवारी तिने पेन दोन बोटांत धरून पेपर लिहिला. दोन प्रश्न लिहायचे राहिले. अंगठा नर्सने सांगितलं तसं केल्यावर आठवड्यात भरून आला. निकालात बाकीचे पेपर निघाले, तेवढा एक राहिला. घरात, माहेरी, सगळीकडे तिने सांगितलं, "अभ्यासच कमी पडला." मी प्रत्येक वेळी तिथेच बसलेली असे.

एकदा शेजारीण आली, सुनेसमोरच म्हणाली, "लग्न झाल्यावर कुठचा अभ्यास, बाई! चूल फुंकायची की पुस्तक वाचायचं?"

मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "अभ्यास झाला होता तिचा. अंगठा मी जाळला. नुसतं औषध ओतून."

शेजारणीने माझ्या मांडीवर थाप मारली. "सासू असावी तं अशी! सुनेसाठी दोष आपल्या डोक्यावर घेऊन राहिली!" आणि हसत सुटली.

सून हसली नाही. माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी दुसऱ्यांदा सांगेन असं तिला वाटलं असावं. मी सांगितलं नाही. ती चहा ठेवायला आत गेली.