जवसाच्या चटणीचं उद्यापन

भजनी मंडळात किस्से जमवावे लागत नाहीत. उदबत्तीच्या राखेसारखे आपोआप साठतात. आमच्या कोळवणच्या मंडळात तर डॉक्टरताई येऊन गेल्यापासून ढीगच झालाय!

*

ताई आल्या होत्या स्तनांच्या कॅन्सरबद्दल सांगायला. "हळद, जवस, लसूण, ब्रोकोलीसारख्या भाज्या खा. त्यांतले घटक कॅन्सर रोखायला मदत करतात का, यावर संशोधन चालू आहे. पण मशिनवरच्या तपासणीला, म्हणजे मॅमोग्राफीला, पर्याय नाही. ती गाठ लागायच्या आधीच करायची. काही शंका?"

मी लगेच विचारलं, "ताई, उपासाला ब्रोकोली चालते का?"

*

चातुर्मासात आम्ही लसूण सोडतो. ताई तर म्हणतात खा! मंडळात तट पडले. तोडगा सुमनवहिनींनी काढला. "चार महिने देवाचे, आठ डॉक्टरांचे!"

*

मग आम्ही जवसाच्या चटणीचं व्रतच धरलं. शुक्रवारी नैवेद्यात पुरणाशेजारी चटणी!

वहिनींचे मिस्टर म्हणाले, "देवीला कॅन्सरची भीती?"

वहिनींनी सुनावलं, "तिच्या लेकींना आहे. मुकाट्यानं प्रसाद घ्या!"

*

सगळ्यांत कडक व्रत आमच्या थोरल्या पारूकाकूंचं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छातीत गाठ लागतीया. चटणी वाढवू का?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. "काकू, तपासायला पुण्याला चला."

"उद्यापन हुईस्तवर म्या कुटं जायाची न्हाई."

मी मनात कुलस्वामिनीला हात जोडले. "काकू, ह्या व्रताचं उद्यापन तिथल्या मशिनवरच होतं!"

"व्हय? मग आधी सांगायचं न्हाई!"

*

मशिनपुढे काकूंनी पिशवीतून करंडा काढला आणि हळदकुंकू वाहिलं. तिथली मुलगी ओरडली, "आजी! इथे अंगाला पावडरसुद्धा चालत नाही!"

"अंगाला कुटं? यंत्राला लावतीया!"

रिपोर्ट आला. कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन, औषधं, सगळं काकूंनी हिमतीनं निभावलं. आमच्या मंडळाची बाई ती!

*

बऱ्या झाल्यावर संक्रांतीला काकूंनी सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून गेलो. बघतो तर घराला कुलूप, दारात जीप आणि जीपमध्ये पुढे काकू!

"काकू, वाण काय देताय?"

"वाण दवाखान्यात. बसा आत!"

सुमनवहिनी घाबरल्या. "अहो, पण मला गाठबीठ काही नाही!"

"ताई काय म्हणाल्या व्हत्या? गाठ लागायच्या आधीच जायाचं. चढा! करंडा म्या घेतलाय!"