सव्वीस वर्षं तहकूब

माझा जन्म झाला तेव्हा बाबा बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटचा डाव जिंकत होते. निदान ते तसं सांगतात. दवाखान्यातून फोन आला, डाव तहकूब झाला आणि बाबा जे पळाले ते पुन्हा पटाकडे फिरकले नाहीत. पुढे लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेली. मी गणितात नापास झाले, दूध उतू घालवलं, ठरलेलं लग्न मोडलं, काहीही झालं तरी पालुपद एकच. "हिच्या पायी माझा जिंकलेला डाव गेला."

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्पर्धेचा अर्ज भरायला ते मला घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी जुनी वही काढली आणि अर्ज परत सरकवला.

"तुमचा एक डाव अर्धवट आहे. तो संपल्याशिवाय नव्या स्पर्धेत घेता येत नाही."

"अहो, सव्वीस वर्षं झाली."

"तेच म्हणतेय मी. फारच लांबलाय."

डाव तहकूब करताना पुढची खेळी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायची, असा तेव्हा नियम होता. बाबांचं पाकीट कपाटात जसंच्या तसं होतं. "हत्ती सातव्या घरात," बाबा माझ्या कानाशी लागले, "मग तीन खेळ्यांत मात." चिठ्ठीत हत्ती निघाला, तर चषक खरोखरच माझ्या पायी गेला होता. मग जन्मभर ऐकणं आलं.

रविवारी प्रतिस्पर्धी हजर झाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पिशवीत अकरा वह्या होत्या, आणि त्यात बाबांच्या प्रत्येक शक्य खेळीला उत्तर. पंचांनी पट मांडला. एक घोडा हरवला होता, तिथे खोडरबर ठेवलं. बाबांच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. मधली सव्वीस वर्षं त्यातून वजा करायची की नाही, हे विचारायला पंचांनी दोन फोन केले. नाही करायची, असं ठरलं.

मग त्यांनी पाकीट फोडलं. चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली.

"'मुलगी झाली,'" ते म्हणाले. "एवढंच आहे. ही खेळी नियमात बसत नाही. तुम्ही हरलात."

बाबा चिठ्ठीकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं. हत्तीचा पत्ता नव्हता. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

चष्मेवाल्यांनी एकेक करून वह्या पिशवीत भरल्या. "याला उत्तर काढलं नव्हतं मी," ते म्हणाले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "अभिनंदन."

"जिंकलात तुम्ही," पंचांनी त्यांची चूक सुधारली.

"हो, कळलं." ते माझ्याकडे वळले. "हीच का ती?"

"हीच," बाबा म्हणाले. "हिच्या पायी गेला माझा डाव."