पाठीवरची चार अक्षरं

टेम्पो गेटवर उभा होता आणि मी शेठना सांगत होते, हा माल जाऊ देऊ नका.

तीनशे काळे टी-शर्ट. परदेशी ग्राहकाने ऑर्डर ऐनवेळी रद्द केली, म्हणून सोलापुरातल्या आमच्या गारमेंट युनिटमध्ये पडून होते. शेठनी ते अकलूजच्या एका पोलीस भरती अकॅडमीला विकले. पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ए.सी.ए.बी.

म्हणजे ‘ऑल कॉप्स आर बास्टर्ड्स’. सगळे पोलीस हरामखोर. इंग्लंडमधली जुनी शिवी. आता तिकडे भिंतींवर, मोर्चांत, फुटबॉलच्या मैदानात दिसते. वापरणारे म्हणतात, राग एकेका पोलिसावर नाही, व्यवस्थेवर आहे. पण भरतीच्या ग्राउंडवर उंची मोजणारा पोलीसच असतो. त्याला हे कोण समजावणार?

“अकलूजच्या पोरांना काय कळतंय?” शेठ म्हणाले.

“मी तिथल्याच माळशिरसची आहे, शेठ. मला कळलं की.”

खरं तर मलाही उशिराच कळलं, उरलेला माल ऑनलाइन विकायचं बघताना. मी मर्चंडायझर, म्हणजे ग्राहक आणि कारखाना यांच्यामधला दुवा. प्रिंटला मंजुरी माझीच. स्पेलिंग तपासलं, रंग तपासला, अर्थ बघितला नाही. मी घरातली पहिली पदवीधर, आणि अनुभव नसताना मला नोकरी दिली ती शेठनीच. त्यांच्याशी वाद घालणं सोपं नव्हतं.

तेवढ्यात अकॅडमीचे सर आत आले. रिटायर्ड हवालदार. एक टी-शर्ट उलगडून म्हणाले, “लई भारी दिसतंय. अर्थ काय, ताई?”

“ऑल कॅन अचीव्ह बेस्ट,” शेठ मध्येच बोलले.

मी खरा अर्थ सांगितला.

“तिकडंबी पोलिसांना असंच म्हणत्यात व्हय?” सर म्हणाले.

मग त्यांनी टी-शर्टची नीट घडी घातली. “माज्या पोरी वर्षभर पळाल्यात. ह्यो घालून गेल्या तर दारातनंच परत यायच्या. साधे द्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या.”

“आता तूच निस्तर,” शेठ मला म्हणाले.

त्यांच्या हट्टापायी आधी अक्षरांवर काळा पॅच चिकटवून बघितला. पण प्रिंट पफचं, म्हणजे फुगीर शाईचं. पॅचखालून चारही अक्षरं उठून दिसली. शेवटी तीनशे साधे टी-शर्ट नव्याने शिवले. भरतीच्या दोन दिवस आधी पोचवले. ते काळे टी-शर्ट मशीन पुसायला गेले. शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता आमच्या मंजुरीच्या फॉर्मवर ‘मजकुराचा अर्थ’ असा रकाना आहे. बहुतेक ग्राहक त्यात ‘फॅशन’ एवढंच लिहितात. मी फॉर्म परत पाठवते.